पोरगं मठ्ठ नाही, त्याला दिसत नाही: सांघिक खेळासाठी नजर कशी तयार करावी

कोल्हापुरात आमच्या पेठेत संध्याकाळी मैदानात पन्नास पोरं असतात आणि कठड्यावर शंभर प्रशिक्षक. मीही कठड्यावरूनच खाली उतरलेला. १४ वर्षांखालच्या फुटबॉल संघाची जबाबदारी गळ्यात पडली तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की पोरांना पळवायचं आणि ओरडायचं. ओरडण्यात मी तरबेज होतो.

त्या संघात मधल्या फळीत एक पोरगा होता. दम भरपूर, चेंडू पायाला चिकटलेला, पण पास कायम शेजारच्यालाच. पलीकडच्या कडेला आपला माणूस मोकळा उभा असला तरी हा चार पावलांवरच्या गर्दीत चेंडू द्यायचा. दोनदा तर थेट समोरच्या संघाच्या पायात दिला. पूर्ण एक हंगाम मी त्याला ‘मठ्ठ’ म्हणत होतो, तेही सगळ्यांदेखत. मग एकदा सामन्याला जाताना स्टॉपवर उभे होतो. लांबून केएमटीची बस येताना दिसली. त्याला म्हटलं, “बोर्ड बघ रे, रंकाळा आहे का?” तो म्हणाला, “थांबू दे सर, मग सांगतो.” बस थांबल्यावर त्यानं बोर्ड वाचला. बाकीच्या पोरांचा तो केव्हाच वाचून झाला होता.

तपासल्यावर दोन्ही डोळ्यांना वजा दोनच्या आसपास नंबर निघाला. शाळेत तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा. घरी कुणाला पत्ता नव्हता. त्याला स्वतःलाही नव्हता, कारण जग असंच दिसतं अशी त्याची समजूत होती.

चष्मा लागल्यावर मला वाटलं, सुटला प्रश्न. पण तो निम्माच सुटला. आता त्याला लांबचं स्वच्छ दिसत होतं, तरी चेंडू येताना तो मान खाली घालूनच उभा राहायचा. बघून काही हाती लागत नाही, हे त्याचं शरीर तीन-चार वर्षांत शिकलं होतं. म्हणून त्यानं बघणंच सोडून दिलं होतं. डोळा एका दिवसात दुरुस्त झाला, सवय मोडायला पुढचे दहा महिने लागले. नवीन प्रशिक्षक, खेळाडूंचे आईवडील आणि स्वतः खेळणारी पोरं, सगळ्यांनी ही दोन कामं वेगळी धरावीत. पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत. उदाहरणं फुटबॉलची जास्त आहेत, कारण मला तेच येतं. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटबद्दल पुढे थोडं आहे.

आधी हे जवळ असू द्या

डोळ्यांच्या तपासणीला जाताना मुलाचं आधार कार्ड, जुना चष्मा असेल तर तो, आणि आधीच्या नंबराची चिठ्ठी. आईवडिलांपैकी एक जण सोबत हवाच, कारण घरात कुणाला लहानपणापासून जाड चष्मा आहे का, हे डॉक्टर विचारतात. मैदानासाठी व्हिडिओ काढणारा मोबाइल, तो उभा करायला काहीतरी (आम्ही विटा रचतो), एक वही, दहा-बारा शंकू, आणि दोन रंगांच्या बिब (संघ ओळखायला शर्टावर घालायच्या बंड्या). बिब शक्यतो निळ्या आणि पिवळ्या घ्या, कारण पाचव्या पायरीत सांगतो. बाकी काही विकत घ्यायची गरज नाही. दुकानदार सांगेल की आहे.

पायरी १: कुणाला दाखवायला न्यायचं ते ओळखा

मूल स्वतः तक्रार करेल ही आशा सोडा. एक डोळा अधू आणि दुसरा चांगला असेल तर चांगला डोळा सगळं काम ओढून नेतो आणि मुलाला काहीच जाणवत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. तो लहान वयात सापडला तर उपचारांचा उपयोग जास्त होतो, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ नको.

मैदानात मी आता या गोष्टींवर लक्ष ठेवतो. लांबचं बघताना डोळे बारीक करणं. मान एका बाजूला कलती ठेवणं. उंचावरून आलेल्या चेंडूखाली पोचायला कायम चुकणं, कधी आधी तर कधी उशिरा. एकाच बाजूनं आलेला खेळाडू न दिसणं. संध्याकाळी उजेड कमी झाला की खेळ एकदम घसरणं. आणि पास नेहमी जवळचाच.

एक सोपी चाचणी: कठड्यावरची जाहिरात किंवा लांबच्या दुकानाची पाटी एक डोळा झाकून वाचायला लावा, मग दुसरा झाकून. डोळा तळहातानं झाकायचा, बोटांनी नाही, कारण पोरं फटीतून बघतात. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला किंवा शेजारच्या पोराला दिसतं ते याला दिसलं नाही, तर सरळ तपासणीला न्या. हे निदान नव्हे, फक्त कुणाला न्यायचं ते कळतं.

पायरी २: तपासणी नीट करून घ्या

पहिला सापळा इथेच. चष्म्याच्या दुकानात संगणकाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवली, कागदाची पट्टी बाहेर आली, झाला चष्मा. मुलांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. मुलांच्या डोळ्यातले स्नायू जवळचं बघताना इतके जोर लावतात, की नंबर फसवा येऊ शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासतात. थेंब घातल्यावर उजेड डोळ्यांत घुसतो आणि जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी सराव नाही. काही थेंबांचा असर दुसऱ्या दिवशीही राहतो, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका. मी घेतली होती. आमचा गोलकीपर काळा गॉगल लावून राखीव बाकावर बसला.

पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात केस पेपर काढून तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येऊन मुलं तपासतात, त्यात डोळेही असतात. नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. शाळेत विचारा, पाठपुरावा करा.

डॉक्टरांना सांगा, “पोरगा सांघिक खेळ खेळतो,” आणि हे विचारा:

- प्रत्येक डोळ्याचं स्वतंत्र किती? तक्त्यावर ६/१८ म्हणजे निकोप डोळ्याला १८ मीटरवरून जे दिसतं ते याला ६ मीटरवर यावं लागतं.
- दोन्ही डोळे मिळून खोली, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते, समजते का? उंच चेंडूचा अंदाज यावर बराच अवलंबून असतो.
- रंग ओळखण्यात अडचण आहे का? ठिपक्यांतले आकडे वाचायचा तक्ता असतो, दोन मिनिटांचं काम.
- कडेचं दिसतं का?

वजा दोन नंबराचा अर्थ मला डॉक्टरांनी सांगितला तेव्हा मी गप्प झालो. चष्म्याशिवाय स्वच्छ दिसण्याची हद्द अर्ध्या मीटरवर संपते. त्यापुढचं सगळं कमी-अधिक धूसर. फुटबॉलचं मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब असतं, आणि मी त्या पोराला म्हणत होतो, “पलीकडं बघ की!”

पायरी ३: चष्मा मैदानात कसा न्यायचा

रोजचा चष्मा घालून फुटबॉल खेळू देऊ नका. काच फुटली की डोळाच जायचा. पॉलिकार्बोनेटच्या (सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या) भिंगांचा, मागे पट्टा असलेला खेळाचा चष्मा मिळतो. त्यात नंबर बसवून घेता येतो. फुटबॉलच्या नियमांत धोकादायक नसलेल्या खेळाच्या चष्म्याला परवानगी आहे, तरी सामन्याआधी पंचांना दाखवून ठेवा, वाद टळतो. कबड्डीसारख्या धरपकडीच्या खेळात तर विचारल्याशिवाय काहीच घालू नका.

पोरं लाजतात. त्यांना एडगर डेविड्सचा फोटो दाखवा. नेदरलँड्सचा हा मधल्या फळीतला खेळाडू काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गॉगल घालूनच खेळला आणि तोच गॉगल त्याची ओळख झाला. आमच्या पोरानं फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी केसांच्या बटा वाढवायचा विचार बोलून दाखवला. आईनं तो हाणून पाडला.

कॉन्टॅक्ट लेन्स सोयीच्या, पण जबाबदार पोरालाच द्या. मातीच्या हातांनी लावायच्या नाहीत, नळाच्या पाण्यानं धुवायच्या नाहीत, घालून झोपायचं नाही, घालून पोहायचं नाही. किटबॅगेत एक जादा जोड आणि चष्मा. बास्केटबॉलचा स्टीफन करी यानं २०१९ साली उघड केलं, की आपल्या डोळ्यांत केराटोकोनस नावाचा दोष (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा शंकूसारखा फुगणं) आहे आणि बरीच वर्षं डोळे बारीक करून बघण्याची सवय लागली होती. मग त्यानं लेन्स लावल्या. जगातला नावाजलेला नेमबाज एवढी वर्षं तसाच खेळत असेल, तर तुमचं पोर न सांगता खेळत असेल यात नवल काय?

लेझर शस्त्रक्रियेचं पोरं हमखास विचारतात. १८ वर्षांच्या आधी आणि नंबर स्थिरावण्याआधी नाही. नंतरही ‘मी अंगाला अंग भिडणारा खेळ खेळतो’ हे सर्जनला आवर्जून सांगायचं, कारण शस्त्रक्रियेचा प्रकार त्यावरून बदलू शकतो.

पायरी ४: दिसणं आणि बघणं वेगळं, हे आधी तुम्ही समजून घ्या

ही पायरी वाचायची आहे, करायची नाही. पण ती वगळलीत तर पुढचे सराव नुसती कवायत होतील.

हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढा जो तुकडा दिसतो, साधारण तेवढंच डोळ्याला एका वेळी बारकाईनं दिसतं. बाकीचं सगळं कडेच्या नजरेत. तिथं हालचाल चटकन कळते, पण बारकावा नाही. म्हणून डोळा सतत उड्या मारत असतो, आणि उडी चालू असते तेव्हा मेंदू चित्र घेतच नाही. नजर कॅमेऱ्यासारखी फिरते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती चिमणीसारखी टिपते. दाणा कुठं असेल हे आधी ठाऊक असलं तरच टिपणं कामाचं.

१९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगून लोकांना एक चित्रफीत दाखवली. मधेच गोरिलाच्या वेषातलं माणूस पडद्यावरून चालत गेलं. सुमारे निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे शाबूत होते, लक्ष दुसरीकडे होतं. तुमचा बॅक चेंडूकडे टक लावून बघत असताना पाठीमागून फॉरवर्ड निसटतो, तो हाच गोरिला.

आता उलटी बाजू. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात कसलेल्या फलंदाजांना मुद्दाम धूसर दिसेल अशा लेन्स लावून खेळवलं. एक आणि दोन नंबराच्या धूसरपणानं फलंदाजी फारशी बिघडली नाही. तीन नंबराला घसरली. वेग वाढला की धूसरपणा लवकर नडतो, हेही पुढे दिसलं. फलंदाज चेंडूची शिवण वाचून खेळतो असं म्हणतात, पण बरंचसं काम गोलंदाजाच्या धावेतून, खांद्यातून, मनगटातून आधीच झालेलं असतं.

मन्सूर अली खान पतौडी तर यातला जिवंत पुरावा होता. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजवा डोळा गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो भारताकडून कसोटी खेळला, १९६२ साली २१व्या वर्षी कर्णधार झाला आणि १९६४ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ काढल्या. एका डोळ्यावर त्यानं स्वतःची नवी पद्धत बसवली, टोपी उजव्या डोळ्यावर ओढून घेण्यासकट.

हे ऐकून एक पालक मला म्हणाले, “मग चष्म्याची काय गरज?” गरज आहे. पतौडीला आधी अनेक वर्षं दोन डोळ्यांनी खेळ शिकायला मिळाला होता. शिकणाऱ्या पोराला लांबचा माणूस दिसलाच नाही, तर काय बघायचं हे ते शिकणार कसं?

पायरी ५: मैदान डोळ्यांना सोपं करा

लहान पायरी, पण फुकटात फायदा देणारी. लाल आणि हिरवा रंग नीट वेगळा न दिसणारी मुलं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त. हिरव्या गवतावर लाल शंकू आणि लाल विरुद्ध हिरवी बिब म्हणजे त्या पोरावर अन्यायच. निळा आणि पिवळा बहुतेकांना वेगळा दिसतो. ऑस्ट्रेलियाचा माजी यष्टिरक्षक मॅथ्यू वेड याला रंग ओळखण्याची अडचण आहे, आणि गुलाबी चेंडू दिसायला त्याला त्रास व्हायचा. एवढ्या वरच्या पातळीवर ही अडचण असते, मग पेठेच्या मैदानात का नसावी?

आणि एक. संध्याकाळी पाचच्या उन्हात पश्चिमेच्या गोलाकडे तोंड करून नेहमी त्याच पोरांना उभं करू नका. बाजू बदला.

पायरी ६: आधी मोजा, मग शिकवा

आता खरं काम. चेंडू येण्याआधी खेळाडू मान वळवून आजूबाजूचं किती वेळा टिपतो, हे मोजता येतं. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देट यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंना चेंडू मिळण्याआधीच्या सेकंदांत त्यांनी पाहिलं. सर्वांत जास्त टेहळणी करणाऱ्यांत फ्रँक लँपार्ड होता, सेकंदाला सुमारे ०.६२ वेळा, म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा. आणि जे जास्त वेळा बघत होते त्यांचे पुढचे पास जास्त वेळा जमत होते. जास्त बघितल्यामुळेच पास जमला असं छातीठोक म्हणता येत नाही, चांगले खेळाडू दोन्ही करतात. तरी दिशा कळते.

तुम्ही असं करा. मोबाइल कठड्यावर उंच ठेवा आणि चेंडूचा पाठलाग न करता एकाच खेळाडूवर दहा मिनिटं धरा. घरी जाऊन बघा. त्याला चेंडू मिळाला तो क्षण शोधा, दहा सेकंद मागे या, आणि चेहरा चेंडूपासून दुसरीकडे किती वेळा वळला ते वहीत रेघा मारून मोजा. शेजारी लिहा: पहिला स्पर्श पुढे, बाजूला की मागे? पास पोचला का? एका खेळाडूचे आठ-दहा प्रसंग पुरतात.

सापळा: चेंडूकडे बघत इकडेतिकडे हलणारं डोकं मोजू नका. चेहरा चेंडूवरून हटला पाहिजे. दुसरा सापळा: पोरांना आकडा सांगू नका. मी सांगितला, आणि पुढच्या सामन्यात आमची मधली फळी पंख्यासारखी माना फिरवत होती. दिसत काहीच नव्हतं.

पायरी ७: कधी बघायचं ते शिकवा

किती वेळा यापेक्षा कधी, हे महत्त्वाचं. माझा नियम साधा आहे: चेंडू कुणाच्या पायातून सुटून दुसऱ्याकडे निघाला की डोळे मोकळे. त्या वेळात चेंडूचा मार्ग कुणी बदलू शकत नाही, म्हणून त्याच्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही. पंधरा मीटरचा पास सेकंदाला दहा मीटर वेगानं आला तरी दीड सेकंद लागतो. त्यात एकदा मागे बघून परत चेंडूवर यायला वेळ मिळतो. पण दुसऱ्याच्या पायात चेंडू आहे आणि तो आता मारणार, तेव्हा नजर त्याच्यावर. आणि चेंडू आपल्या पायाशी पोचतो त्या क्षणी चेंडूवर.

अंग आधी अर्धवट वळलेलं हवं. गोलाकडे पूर्ण पाठ करून उभं राहिलं तर मान कितीही वळली तरी मागचं दिसत नाही.

आम्ही करतो ते तीन सराव:

पहिला, चौघं बाहेर, दोघं आत. सगळ्यांना ठाऊक असलेलाच खेळ: बाहेरच्यांनी आपसात पास द्यायचे, आतल्यांनी चेंडू हिसकावायचा. फक्त एक भर: चेंडू घेण्याआधी खेळाडूनं पुढचा पास कुणाला ते नावानं ओरडायचं. ओरडायला बघावं लागतंच.

दुसरा, ‘माणूस की मोकळं’. पास घेणाऱ्याच्या पाठीमागे एक खेळाडू उभा. चेंडू निघाला की तो कधी धावत येतो, कधी जागीच थांबतो. आला तर चेंडू परत, नाही आला तर वळून पुढे. पाठीमागे बोटं दाखवून ‘किती?’ विचारण्याचा सराव मी आधी करायचो. सोडून दिला. सामन्यात कुणी बोटं दाखवत नाही. आकडा वाचायला शिकलेलं पोर धावत येणारा माणूस वाचायला शिकतंच असं नाही.

तिसरा माझा आवडता. खेळ चालू असताना अचानक शिट्टी. सगळे जागच्या जागी, डोळे मिटलेले. एकाला विचारायचं, “डावा बॅक कुठं आहे? हात करून दाखव. गोलकीपर पुढं आहे की रेषेवर?” मग डोळे उघडायचे. पहिल्या आठवड्यात हात भलतीकडे असतात आणि हशा पिकतो. हळूहळू हात बरोबर जागी जातात. अनुभवी खेळाडूला विखुरलेली माणसं दिसत नाहीत, त्याला रचना दिसते, जशी वाचणाऱ्याला अक्षरं न दिसता शब्द दिसतो. ती रचना डोक्यात बसवायला यापेक्षा स्वस्त साधन मला मिळालेलं नाही.

आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. पोरं दमल्यावर नाही, सुरुवातीलाच. दमलेलं पोर पहिली गोष्ट काय सोडत असेल तर मान वळवणं.

पायरी ८: तुम्ही गप्प बसा

सगळ्यात अवघड पायरी, आणि ती खेळाडूंसाठी नाही. “मागं माणूस!”, “डावीकडं दे!”, “सोड, सोड!” हे कठड्यावरून ओरडत राहिलं की पोर डोळ्यांऐवजी कानानं खेळायला लागतं. तुमचा आवाज पोचेपर्यंत मोकळी जागा बंद झालेली असते. आणि शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची गर्दी ढोल-ताशांसह बसली की तुमचं ऐकू येणार कुणाला?

मी स्वतःला नियम घातला: सरावातल्या शेवटच्या वीस मिनिटांत एक शब्द नाही. खेळ संपल्यावर एकच प्रश्न, “तेव्हा काय दिसलं होतं?” ‘तिकडं का नाही दिलास’ असं विचारलं की पोर बचाव करतं. काय दिसलं विचारलं की ते आठवतं. उत्तर बऱ्याचदा “काहीच नाही” असतं. ते खरं असतं, आणि तिथून पुढं काम करता येतं.

आपसात खेळाडूंनी हाक मारणं वेगळं. ते हवंच.

इतर खेळांतल्यांसाठी

कबड्डीत चढाईला ३० सेकंद आणि समोर सात जण. चढाईपटूची नजर ज्याच्यावर असते त्यालाच तो मारेल, असं बचाव करणारे धरून चालतात. म्हणून मुरलेला चढाईपटू बघतो डाव्या कोपऱ्याकडे आणि पाय टाकतो मध्याकडे. कोपरारक्षकानं उलट शिकायचं: डोळ्यांकडे, हातांकडे बघू नको, कमरेकडे बघ. हात फसवतो, डोळा फसवतो, कंबर फसवायला अवघड. कडेच्या नजरेनं आपली साखळी कुठं तुटलीय तेही दिसलं पाहिजे. सुरुवातीला सरावात चढाईपटूला चढाईनंतर विचारा, “सातांपैकी कोण पुढं आला होता?”

खो-खोत पळणाऱ्याला मागचा पाठलाग करणारा आणि बसलेल्यांची तोंडं एकदम वाचावी लागतात. कोण कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय हे एकदा नजरेत बसलं की पुढचा खो कुठल्या बाजूनं उठेल हे आधी कळतं. जानेवारी २०२५च्या दिल्लीतल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्या सामन्यांच्या चित्रफिती बघा, पण पाठलाग करणाऱ्याकडे नको, पळणाऱ्याच्या मानेकडे बघा.

क्रिकेटमध्ये ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ हा सल्ला अर्धवट खरा. मायकल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. फलंदाज चेंडू हातातून सुटताना बघतो, मग नजर थेट टप्पा पडेल त्या जागी उडी मारून आधीच जाऊन थांबते. चांगला फलंदाज ती उडी लवकर मारतो. तेव्हा ‘बघत राहा’ पेक्षा ‘हात बघ, टप्पा ओळख’ हे सांगणं जास्त कामाचं.

पैसे घालवण्याआधी

लुकलुकणारे चष्मे, दिवे लागतील तिथं थापटायचे फलक, मोबाइलवरचे ‘नजर वाढवा’ खेळ. सराव केल्यावर त्या फलकावरचा वेग वाढतो, यात शंका नाही. तो वेग मैदानातल्या निर्णयात उतरतो याचा पुरावा मात्र तोकडा आहे. त्याच पैशांत खेळाचा चष्मा घ्या. डोळ्यांच्या व्यायामानं चष्मा घालवून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

डोक्याला मार लागल्यावर दोन-दोन दिसणं, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं असं काही झालं तर पोराला तिथंच बाहेर काढा आणि डॉक्टरकडे न्या. त्या दिवशी परत मैदानात पाठवायचं नाही, अंतिम सामना असला तरी. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, चमक किंवा पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

वाढत्या वयात नंबर बदलतो. आम्ही दर जूनमध्ये, शाळा सुरू होताना, सगळ्या पोरांची पाटी वाचायची चाचणी घेतो आणि चष्मेवाल्यांना पुन्हा तपासायला पाठवतो. बसस्टॉपवरच्या त्या पोराचा नंबर तेव्हापासून दोनदा वाढलाय. गॉगलची चौकट तीच ठेवून फक्त भिंगं बदलून मिळतात, खर्च कमी येतो. मागचा पट्टा मात्र दर हंगामात नवा घ्या, घामानं तो सैल पडतो आणि हेडर मारताना चष्मा नाकावर घसरतो.